खाल्लेला नारळ

ढोल त्यांनी सख्याच्या पायाशी टाकला. ठेवला नाही, टाकला. धूळ उडाली ती आत्याच्या नव्या पातळावर बसली. वर सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, पालखी, पालखीभोवती वरच्या वाडीची माणसं. आणि सहाणेच्या पायऱ्या संपतात तिथं, चपलांच्या ढिगाशेजारी, आम्ही चौघं. मी, माझी आत्या, ढोलकीवाला सख्या आणि पेटीवाला दामू. शिमग्यातली दुपार होती. ऊन मी म्हणत होतं आणि आम्हाला सावली दिलेली नव्हती.

माईक वकीलसाहेबांच्या हातात होता.

"सत्तावीस वर्षांनी खालच्या वाडीचा ढोल पालखीपुढं वाजतोय," ते म्हणाले. "अणशी आणि तिची माणसं आपला मान घ्यायला परत आली आहेत. टाळ्या होऊ द्या."

टाळ्या पडल्या. बायकांनीसुद्धा वाजवल्या.

आम्ही गाणी गायला आलो होतो. माझ्या खांद्याच्या पिशवीत आत्याच्या गाण्यांच्या कॅसेटी होत्या आणि पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकावर तिचं नाव मी माझ्या हातानं जुळवलेलं, अनुसयाबाई, प्रेसमधल्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत. आणि भोंग्यातनं साऱ्या गावात गेलं ते अणशी. कुणी म्हैस हाकारावी तसं.

हे असं कसं झालं ते सांगतो. ते एकट्या साहेबांनी केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यात माझाही हात होता, म्हणून सांगायला बसलोय.

मी तेव्हा रत्नागिरीत एका छापखान्यात कंपोझिटर होतो. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतपेढीच्या नोटिसा, नाटकांची पोस्टरं. खिळे उलटे असतात, ओळ उलटी जुळवायची, उलटीच वाचायची. त्यात माझा हात कुणी धरत नव्हता. मालक चार लोकांत कौतुक करायचे आणि चहाच्या वेळी माझा कप मोरीच्या कडेला वेगळा असायचा. फुटक्या कानाचा. दुसरे दोघे कंपोझिटर डबे उघडून एकत्र बसायचे. मला कुणी "येऊ नको" म्हणालं नाही. कुणी "ये" पण म्हणालं नाही. मी खिळ्यांच्या खणांशी उभा राहून जेवायचो. उभ्यानं जेवायची सवय मला अजून आहे.

खोली होती गल्लीच्या टोकाला, कौलाची, एका माणसाची. रविवार आला की अंगावर यायचा. बोलायला कुणी नाही. मग मी दोन तासांची एसटी पकडून गावी जायचो, आणि गावी गेलो की आत्याकडं.

आत्या चिरेखाणीवर कामाला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दिवसभर डोक्यावर चिरे वाहायचे, संध्याकाळी अंघोळ करून विहारात बसायचं. आणि गायचं. शिकलेली नव्हती, पण गाणी स्वतःची करायची. कातळ फोडताना टिकावाचा जो ठेका पडतो ना, त्या ठेक्यावर तिची गाणी बसलेली असत. बाबासाहेबांची गाणी होती, तशी खाणीवरच्या बायांची होती, मुंबईला जाऊन परत न आलेल्या नवऱ्यांची होती. आवाज जाड. गोड नाही म्हणता येणार. पण तो आवाज लागला की मी मान वर करून बघू शकत नसे, रडू यायचं. मला वाटलं, हे नुसतं आमच्या वीस घरांनी का ऐकायचं? बस्स. तेवढंच डोक्यात घेतलं आणि पछाडल्यासारखा झालो.

"मेल्या, माझा गाणा काय विकायला काढलंस?" आत्या हसत बोलली.

मी म्हटलं, विकायला नाही, ऐकवायला.

पैसे नव्हतेच. मग जे हाताशी होतं त्यातनं सुरुवात केली. छापखान्यात मोठा कागद कापला की कडेच्या पट्ट्या उरतात. त्या रद्दीत जायच्या. मालकांना विचारून त्या मी घ्यायला लागलो. अरुंद लांब पट्टी, तिच्यावर पत्रक कसं बसवायचं? मग तिचं नाव आडवं न छापता उभं छापलं, अक्षराखाली अक्षर. लांबनं बघितलं तरी कळायचं. मंत्री आणि नाटकातले नट यांच्यासाठी ठेवलेले लाकडी खिळे मी तिच्या नावाला लावले. मालक प्रूफ बघून म्हणाले, एवढी मोठी कोण रे ही? मी म्हटलं, माझी आत्या. दुसऱ्या दिवसापासून लाकडी खिळ्यांचा खण कुलपात गेला. तोवर माझी छपाई झाली होती.

पहाटे उठून मैद्याची खळ शिजवायची, डबा सायकलला अडकवायचा आणि एसटी स्टँड, मिरकरवाडा, कॉलेजचा रस्ता. उजाडायच्या आत चिकटवून कामावर हजर. दुपारी त्याच रस्त्यानं गेलो की निम्मी पत्रकं फाडलेली. नाव बघून फाडायचे की खालची 'भीमगीते' ही ओळ वाचून, ते मला कळायचं नाही. मी परत चिकटवायचो. कधीकधी गाय खळीसाठी कागद चाटून खायची. तिच्यावर राग नव्हता.

मग कॅसेट. दामूच्या मुंबईच्या भावाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, विहारात सगळ्यांना गप्प बसवलं आणि एका बैठकीत दहा गाणी घेतली. चौथ्या गाण्यात कोंबडा आरवला. आत्या म्हणाली, राहू दे, त्याचापन आवाज हाय. कॉप्या मी माझ्या खोलीत करायचो. दुकानात दोन कॅसेटींचं मशीन होतं, पण ते परवडणारं नव्हतं. मी माझा जुना आणि तो मागून आणलेला असे दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचो, एक गायचा, दुसरा ऐकायचा. त्या तासाभरात मी हलायचं नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, पातेलं वाजवायचं नाही. एका कॅसेटमध्ये माझी शिंक आहेच. खोलीत मी आणि ती दोन यंत्रं. त्यांचं आपसात चाललेलं, मी कोपऱ्यात श्वास धरून. पण खरं सांगू? आठवड्यातले तेवढेच तास मला एकटं वाटायचं नाही.

कॅसेटी मी वाटल्या. रिक्षावाल्यांना दिल्या, चहाच्या टपरीवर दिल्या, बंदरावर एका ट्रॉलरच्या खलाशाला दिली. महिन्यानं तो खलाशी भेटला तर म्हणाला, आमच्या बोटीवर ती बाई रोज गाते. मी हुरळून गेलो. पण गाण्याला बोलावणं कुठलं यायला. संस्थांकडं गेलो, गणेशोत्सव मंडळांकडं गेलो. आवाज आवडायचा. मग आडनाव विचारायचे. मग यंदाचे कार्यक्रम आधीच ठरलेले असायचे.

अशात वकीलसाहेब छापखान्यात आले. आमच्याच गावचे, वरच्या वाडीतले. त्यांचे आजोबा गावचे खोत. साहेब रत्नागिरीत वकिली करायचे, सभांतून भाषणं करायचे, समता वगैरे. गावच्या शिमगोत्सवाची पत्रिका छापायला आले होते. माझ्या टेबलावर आत्याचं पत्रक दिसलं तर उचलून वाचलं त्यांनी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या छापखान्यात माझ्या खांद्यावर पडलेला तो पहिला हात.

"आपल्या गावची कलावंत आणि गावातच कार्यक्रम नाही? यंदा शिमग्याला करू. पालखी सहाणेवर असताना, भर दुपारी, सगळं गाव असतं."

सगळं गाव. वर चाकरमानी आलेले, एसट्या भरभरून. एवढी माणसं आत्याच्या समोर मी जन्मात बसवू शकलो नसतो. साहेब म्हणाले, रविवारी देवळापाशी ये, चार जाणत्यांसमोर ठरवून टाकू.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात शिमग्याला पालखीपुढं ढोल बडवायचं काम आमच्या वाडीकडं होतं. त्याला 'मान' म्हणायचे. मान असा, की ढोल आम्ही वाजवायचा, पायरी चढायची नाही, पालखीला शिवायचं नाही, आणि शेवटी जे उरेल ते वरनं सुपात टाकतील ते घेऊन जायचं. छप्पन साली वाडीनं धर्म सोडला आणि पुढच्याच शिमग्याला माझ्या आजोबानं तो ढोल देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवला. म्हणाला, आजपासनं आमचं नाव यात नाही. वरच्यांनी पाणंद बंद केली. दोन पावसाळे आमची माणसं कातळावरनं वळसा घालून बाजाराला जात होती, पण ढोलाला कुणी हात लावला नाही. हे मला पाठ होतं. बाबा दर वर्षी सांगायचे.

बाबांनी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की तो मान सुरू कसा व्हायचा. शिमग्याआधी वाडीतल्या एकाला देवळापाशी बोलवायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि हातात नारळ द्यायचे. नारळ घेतला की त्या वर्षीचं काम वाडीनं कबूल केलं. तोंडी काही विचारायचं नसे. नको असेल तर पालखी उठायच्या आत तोच नारळ पायरीवर परत ठेवायचा. माझ्या जन्माआधी बंद पडलेली रीत. देवळाकडं आमचं कुणी फिरकतच नव्हतं, मग मला कोण कशाला सांगणार.

रविवारी गेलो. बाबांना सांगितलं नाही. ते नको म्हणाले असते. सहाणेच्या पायऱ्यांवर साहेब उभे, शेजारी देवाला गाऱ्हाणं घालणारा म्हातारा गावकर, आणखी दोघंतिघं. मी खाली. गावकरानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. देवाला हाक, पूर्वजांना हाक, खालच्या वाडीचं नाव, चुकलंमाकलं पदरात घे, आणि दर ओळीला बाकीचे "होय महाराजा". मला वाटलं, शिमग्याचं काहीतरी असेल. माझं लक्षच नव्हतं. मी मैदान बघत होतो. माईक कुठं, सतरंजी कुठं, बायका कुठल्या बाजूला बसतील, किती माणूस मावेल.

मग गावकरानं नारळ दिला. वीतभर वरनं माझ्या ओंजळीत सोडला. वीतभर वरनं. तेव्हाच कळायला हवं होतं. मी मनाला समजावलं, म्हातारा आहे, जुनी खोड आहे, जाऊ दे. आपल्याला कार्यक्रम मिळाला ना. शहरात बँडवाल्यांना ठरवताना पानसुपारी आणि नारळ देतात, तसंच हे, असं मी धरून चाललो. आणि नारळ पिशवीत टाकून रत्नागिरीची एसटी धरली.

त्या संध्याकाळी सख्याला आणि दामूला खोलीवर बोलावलं. बंदरावरनं बांगडे आणले, नारळ फोडून खवला, वाटण केलं, बांगड्याचं झणझणीत कालवण आणि भात. तिघं गुडघ्याला गुडघा लावून जेवलो. त्या खोलीत माझ्यासोबत दुसरं कुणी जेवलं असेल तर ते त्याच दिवशी. दामूनं वाटी चाटून पुसून खाल्ली. नारळ गोड होता, हेही आठवतं.

पत्रिका मीच जुळवली. 'दुपारी: पालखी प्रस्थान, मानकऱ्यांच्या ढोलवादनासह. नंतर गायन.' गायनाच्या ओळीत आत्याचं नाव नव्हतं. साहेब म्हणाले, जागा नाही. मी ऐकलं. 'मानकरी' हा शब्द मी माझ्या बोटांनी एक एक खिळा उचलून लावला आणि मला विचारावंसं वाटलं नाही की कोण मानकरी. उलटी अक्षरं सुलटी वाचणारा माणूस मी. डोंबल.

आत्याला मात्र शंका होती. देवळापुढं कशाला, म्हणाली. मी म्हटलं, देवळात नाही गं, मैदानात, माईकवर. मग म्हणाली, तुजा जीव यवढा अडकलाय त येते.

तर असे आम्ही त्या दुपारी चपलांपाशी बसलो होतो.

ढोल पडला. सख्या ढोलाकडं बघतोय, दामू माझ्याकडं. वरनं कुणीतरी ओरडलं, उचल की टिपरू, पालखी खोळंबलीय. मला सगळं एकदम उमगलं. गाऱ्हाणं, नारळ, मानकरी. पण खोटं सांगणार नाही. पहिल्यांदा माझ्या तोंडून काय निघालं ते मला आजही बोलायला जड जातं. मी समोरची गर्दी बघितली. हजारभर माणूस असेल. इतके दिवस मी पट्ट्या चिकटवत होतो ते याच गर्दीसाठी. मी वाकलो आणि हळूच म्हणालो,

"आत्या, पाच मिनिटं वाजवू दे सख्याला. मग सगळं तुझंच आहे."

आत्यानं मान वळवली. तिचे डोळे लाल नव्हते, भरलेले नव्हते. कोरडे होते. खाणीत चिरा हातात घेऊन तो आतनं फुटका आहे का बघते, तसं तिनं मला बघितलं.

"पाच मिनटा," ती बोलली. "ती पाच मिनटा माझ्या बापसानं सत्तावीस वर्सांपूर्वी संपवलीन."

एवढंच. मग ती उठली. पातळावरची धूळ झटकली. सख्यानं ढोलकी काखेत मारली. मी तसाच उकिडवा. माझी लाज मला उठू देईना.

साहेबांनी माईक बाजूला केला आणि खाली बघून बोलायला लागले, समजुतीच्या आवाजात. आता काय जुनं राहिलंय, ही तर कला आहे, आपलीच परंपरा आहे, मी तुम्हाला व्यासपीठ देतोय आणि तुम्हालाच वर यायचं नाही. अशी भाषा. शाळेच्या पुस्तकातली. ती ऐकून मी उठलो.

"वर?" मी म्हटलं. "साहेब, तुम्ही आम्हाला चपलांपाशी बसवलंत."

तेवढ्यात गावकर पायरीच्या काठाला आला. त्याला परंपरा, कला असलं काही बोलायचं नव्हतं. त्याचा हिशेब सरळ होता.

"नारळ घेतलास ना? मग वाजव. नायतर नारळ पायरीवर ठेव आणि चालू पड."

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. नारळ कुठनं आणू? मी म्हटलं,

"खाल्ला."

"काय केलंस?"

"खाल्ला. खवून बांगड्याच्या कालवणात घातला. तिघांनी खाल्ला. नारळ खायची वस्तू आहे. त्यानं वाडी बांधली जात नाही."

देवाचा नारळ, आणि माशात. मग एकदम गलका झाला. कुणी पिशवी ओढली, कॅसेटी मातीत सांडल्या, त्यावर पाय पडले. पत्रकं उडाली. एका चाकरमान्यानं, माझ्याच वयाचा असेल, सफारी घातलेला, मला ढकललं. मी ढिगावर पडलो, शंभर माणसांच्या चपलांवर. उठलो. परत तेच म्हणालो, मोठ्यानं, की खाल्ला. दुसरं काही बोलायचं उरलं नव्हतं. आम्ही निघालो. मागनं पालखी उठलीच नाही बराच वेळ. नंतर कुणीतरी वरच्यानंच ढोल गळ्यात घातला म्हणे. वाजवता येत होता त्याला. इतकी वर्षं मग आम्हाला कशाला शोधत होते?

घराशी आल्यावर आत्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुला माझा आवाज ऐकवायचा होता का माणसा जमवायची होती, ता एकदा ठरव."

दुसऱ्या दिवशी विहारात वाडी बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं, नारळ घेतला तेही आणि पाच मिनिटं मागितली तेही. सख्या मध्येच माझी बाजू घ्यायला लागला, त्याला मी थांबवलं. बाबांनी एकच विचारलं.

"गाराणा घालीत होते तवा तू काय करीत होतास?"

"मैदान मोजत होतो," मी म्हटलं.

बाबा उठून गेले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आई ताट वाढायची, ते ताट घेऊन मागच्या पडवीत जायचे.

छापखान्यात आठवड्यानं मालकांनी बोलावलं. वकीलसाहेबांचं गिऱ्हाईक मोठं, कोर्टाची सगळी छपाई त्यांच्या शब्दावर. मालक रागावले नाहीत. म्हणाले, तुझं काम चोख आहे, पण धंद्यात हे असलं नको. मी माझी खिळे जुळवायची स्टिक पुसून टेबलावर ठेवली. निघताना तो फुटक्या कानाचा कप बरोबर घेतला आणि रस्त्यावर येऊन गटारात फोडला. कुणी बघितलं नाही.

पुढचे दिवस कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. सख्या मुंबईला गेला, त्याला गिरगावात हमाली मिळाली. दामूच्या बायकोनं त्याला पेटी विकायला लावली. मी बंदरावर बर्फाच्या लाद्या ओढायला लागलो. वरच्या वाडीला मी नारळ खाल्लेला बाटगा, खालच्या वाडीला नारळ घेतलेला. खोलीत यायचो, दिवा लावायचो, आणि कितीतरी वेळ दिव्याचं बटण धरून तसाच उभा राहायचो. एकदा तर चार दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, हे पाचव्या दिवशी दुकानात मीठ मागताना कळलं. आवाजच फुटेना. दुकानदार म्हणाला, काय रे, मुका झालास की काय. तिथं मला रडू कोसळलं. पुडी तशीच टाकून पळालो.

त्या दिवशी खोलीवर येऊन आत्याची कॅसेट लावली. शिमग्यानंतर पहिल्यांदा. आणि तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. मला माणसं जमवायची होती. तिचा आवाज घेऊन मला त्यांच्यात जायचं होतं, ज्यांच्यात मला कुणी "ये" म्हणत नव्हतं. तिच्या गाण्याला मी माझी शिडी केली होती. हे कळलं तेव्हा घाण वाटली स्वतःची. पण बरंही वाटलं. कळलं ते सोडता येतं.

गावी गेलो. आत्या खाणीवर होती. डोक्यावर चिरा तसाच ठेवून तिनं माझं ऐकून घेतलं.

"मला आता कुटं नेव नको," ती म्हणाली. "मी हितंच गानार. आयकायचा त्यानं खाली यायचा."

छापखाना नव्हता, खिळे नव्हते. जुन्या वर्तमानपत्रांवर गेरूनं, ब्रशानं लिहिलं. 'अनुसयाबाई गाणार. खालच्या वाडीत, कातळावर, रविवारी सकाळी. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं.' रत्नागिरीत चिकटवली, बंदरावर चिकटवली. गावात गेलो आणि भर दिवसा देवळाच्या रस्त्यावर, पालखी जाते त्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी चिकटवली. ओट्यावर बसलेली माणसं बघत होती. शेवटची साहेबांच्या फाटकावर. त्याच दिवशी फाडली त्यांनी. मी दुसऱ्या दिवशी परत लावली.

रविवारी वाडीतले निम्मे आले. बाबा आले नाहीत. खाणीवरच्या चार बाया आल्या आणि हर्ण्याचे दोन खलाशी, बोटीवर कॅसेट ऐकलेले. वरच्या वाडीतलं कुणी नाही. पेटी नाही, ढोलकी नाही. आत्यानं दगडावर दगड आपटून ठेका धरला आणि गायली. मी मागं उभा होतो. या वेळी मी मैदान मोजलं नाही.

पुढच्या शिमग्याआधी साहेबांचा माणूस बंदरावर मला शोधत आला. झालं गेलं विसरू, म्हणाला. साहेबांनी अनुसयाबाईंची कॅसेट मागितलीय. मैदानात भोंग्यावर लावतील, सगळा गाव ऐकेल, पत्रिकेत तिचं नावसुद्धा छापतील. येण्याजाण्याचा त्रासच नको.

म्हणजे बाईचा आवाज पाहिजे. बाई नको.

बर्फ ओढून माझी बोटं सुन्न पडली होती. ती मी सदऱ्याला पुसली आणि त्याला म्हटलं, साहेबांना सांग, कॅसेट मिळणार नाही. ऐकायचं असेल तर खाली यायचं, आमच्यासारखं जमिनीवर बसायचं आणि तिला अनुसयाबाई म्हणून हाक मारायची. हे जमत नसेल तर त्यांच्या हजार माणसांना तिचा एक शब्द ऐकू येणार नाही, आणि ती हजार माणसं मला नकोत.

तो म्हणाला, असं केलंस तर एकटा पडशील.

पडलोय, मी म्हटलं. वर्षभर पडून बघितलंय. त्यानं माणूस मरत नाही.